वेस्टमिन्स्टरमधील आपले कैवारी
(धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशात स्थायिक झालेल्या समाजाची बाजू तेथील विधिमंडळात कोण मांडतो, का मांडतो आणि त्याचा मायदेशातील लोकशाहीस काही उपयोग होतो काय, असा विषय कार्यकारिणीने मला या वर्षी दिला आहे. मी वैद्य आहे. राज्यशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही मी होकार दिला, त्याला एक लहानसे कारण आहे. या देशात डॉक्टरच्या दवाखान्याला 'सर्जरी' म्हणतात, आणि खासदार आपल्या मतदारांना ठरलेल्या दिवशी भेटतो त्या बैठकीलाही 'सर्जरी'च म्हणतात. प्रथम मला याची गंमत वाटली. पुढे लक्षात आले की, दोन्ही ठिकाणी माणूस आपले दुखणे घेऊन येतो आणि दोन्ही ठिकाणी, जो येतच नाही त्याच्या दुखण्याची नोंद होत नाही.

ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानची बाजू घेणारे सभासद फार पूर्वीपासून होते. हेन्री फॉसेट आणि चार्ल्स ब्रॅडलॉ या दोघांनाही लोक 'हिंदुस्थानचे सभासद' म्हणत. ब्रॅडलॉ तर १८८९ च्या मुंबई काँग्रेसला स्वतः हजर राहिले. १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून अवघ्या पाच मतांनी निवडून आले. या थोर पुरुषांविषयी पूर्ण आदर ठेवूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ते हिंदुस्थानच्या दारिद्र्याविषयी आणि सनदी नोकऱ्यांविषयी तळमळीने बोलले. परंतु गावकुसाबाहेरच्या माणसाचा प्रश्न त्यांच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी कधी आला नाही. तो प्रश्न लंडनला पोहोचविण्यासाठी गावकुसाबाहेर जन्मलेल्या माणसालाच समुद्र ओलांडावा लागला.

१९३० च्या नोव्हेंबरात पहिली गोलमेज परिषद भरली तेव्हा बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन हे दोघे अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून तेथे बसले. त्या परिषदेचा इतिहास आपणा सर्वांस ठाऊक आहे. तो मी येथे पुन्हा सांगत नाही. मला आठवण करून द्यायची आहे ती १९४६ ची. कॅबिनेट मिशनच्या योजनेत अस्पृश्य वर्गाच्या संरक्षणाची काहीच सोय नाही, हे पाहून बाबासाहेब त्या वर्षाच्या अखेरीस पुन्हा लंडनला आले. पंतप्रधान ॲटली आणि विरोधी पक्षनेते चर्चिल यांना भेटले, खासदारांपुढे आपली बाजू मांडली. सर्वांनी ऐकून घेतले. हाती काही आले नाही. सत्ता सोडून जाण्याच्या घाईत असलेल्या राज्यकर्त्यांना आपल्यासाठी थांबायला सवड नव्हती. बाबासाहेब परतले आणि त्यांनी घटना समितीत बसून सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट करणारी राज्यघटना सिद्ध केली. परक्या सभागृहातील सहानुभूतीची किंमत किती आणि मर्यादा कोणती, हे त्यांच्याइतके कोणाला कळले असेल?

हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, पुढे मी ज्या माणसांची नावे घेणार आहे त्यांच्याविषयी मला मनापासून कृतज्ञता आहे. पण ती तारणहारांविषयीची कृतज्ञता नाही.

त्यातले पहिले नाव फेनर ब्रॉकवे यांचे. १८८८ मध्ये कलकत्त्यात एका मिशनऱ्याच्या घरी जन्मलेला हा मजूर पक्षाचा खासदार. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा तो जुना पुरस्कर्ता होता, हे आपल्याकडच्या जुन्या वाचकांना माहीत असेल. पण आपल्या दृष्टीने त्याचे मोठे काम स्वातंत्र्यानंतरचे आहे. युद्धानंतर वेस्ट इंडीज, पंजाब आणि पाकिस्तानातून कामगार या देशात येऊ लागले. भाड्याच्या खोल्यांवर 'काळ्यांना प्रवेश नाही' अशा पाट्या लागलेल्या असत आणि त्याविरुद्ध कोणताही कायदा नव्हता. ब्रॉकवे यांनी १९५६ पासून वर्णभेदास बंदी करणारे विधेयक कॉमन्स सभागृहात मांडायला सुरुवात केली. ते नऊ वेळा मांडले आणि नऊ वेळा बुडाले. १९६४ च्या निवडणुकीत ईटन अँड स्लाव या मतदारसंघात ते स्वतःच अकरा मतांनी पडले. दुसऱ्याच वर्षी, १९६५ मध्ये, पहिला रेस रिलेशन्स ॲक्ट मंजूर झाला. तो दुबळा होता. १९६८ आणि १९७६ मध्ये त्याला बळ आले. आज आपल्यापैकी कोणाला नोकरीच्या मुलाखतीत कातडीच्या रंगावरून नाकारले गेले, तर न्यायाधिकरणाची पायरी चढता येते. तिचा पहिला दगड नऊ वेळा हरलेल्या या माणसाने बसविला.

परंतु त्या कायद्यात वर्ण होता, वंश होता, राष्ट्रीयत्व होते, जात नव्हती. गोऱ्या माणसाने केलेला भेद त्यात सापडत होता. आपल्याच देशातून आलेल्या शेजाऱ्याने केलेला भेद त्यातून निसटत होता.

येथे दुसरे नाव येते, लॉर्ड ॲव्हबरी. त्यांचे मूळ नाव एरिक लबक. १९६२ मध्ये ऑर्पिंग्टनच्या पोटनिवडणुकीत हुजूर पक्षाची हुकमी जागा त्यांनी उदारमतवादी पक्षाकडे खेचून आणली. ती निवडणूक या देशाच्या राजकीय इतिहासात अजून सांगितली जाते. पुढे ते उमराव सभेत गेले आणि १९७६ मध्ये त्यांनी पार्लमेंटात मानवी हक्कांसाठी सर्वपक्षीय गट स्थापन केला. ज्यांची मते मिळण्याचा प्रश्नच नव्हता, अशांसाठी हा गृहस्थ आयुष्यभर भांडला: भटक्या जिप्सींसाठी, निर्वासितांसाठी, बहारीनमधील लोकशाहीवाद्यांसाठी. ते बौद्ध होते, हे मात्र आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. तुरुंगातील बौद्ध कैद्यांना धम्माचा आधार देणाऱ्या 'अंगुलिमाल' या संस्थेचे ते आश्रयदाते होते. आपल्या मृत्यूनंतर देह बॅटर्सीच्या श्वानगृहातील कुत्र्यांना खाऊ घालावा, अशी तयारी त्यांनी १९८७ मध्ये दाखविली होती. श्वानगृहाने ती नम्रपणे नाकारली! वैद्य म्हणून मी अनेक देहदात्यांविषयी ऐकले आहे, परंतु दानपारमितेचा असा नमुना दुसरा ऐकला नाही.

बांगलादेशातील चित्तगाँग डोंगरी प्रदेशात चकमा आणि इतर बौद्ध जमाती राहतात. १९६० च्या सुमारास बांधलेल्या काप्ताई धरणाने त्यांच्यातले सुमारे एक लाख लोक विस्थापित केले; नंतर बाहेरच्या वसाहतवाल्यांनी आणि लष्कराने त्यांच्या जमिनी बळकावल्या. १९९७ च्या डिसेंबरात शांतता करार झाला, पण त्याची अंमलबजावणी रखडली. या प्रदेशासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे सहअध्यक्षपद ॲव्हबरींनी २००८ पासून सांभाळले, तेही ऐंशीच्या घरात पोहोचल्यावर. येथे मला थोडे कडू बोलू द्या. आपल्या विहारांतून आपण दर पौर्णिमेला साऱ्या प्राणिमात्रांसाठी मैत्रीभावना करतो. पण त्या चकमा धम्मबांधवांसाठी आपल्या किती मंडळांनी एकतरी ठराव केला?

आता मुख्य प्रकरणाकडे वळतो. येथे जरा थांबले पाहिजे, कारण आपल्या नव्या पिढीला याचा तपशील माहीत नाही.

२००९-१० मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने भेदभावविरोधी सर्व कायदे एकत्र करणारे इक्वॅलिटी विधेयक आणले. जातीचा समावेश करावा, अशी दुरुस्ती ॲव्हबरींनी उमराव सभेत मांडली. सरकारने निम्मी मान्य केली. एप्रिल २०१० मध्ये संमत झालेल्या कायद्याच्या नवव्या कलमात अशी तरतूद आली की, मंत्री आदेश काढून जातीचा समावेश वंशाच्या व्याख्येत 'करू शकेल'. त्याच वेळी सरकारने राष्ट्रीय आर्थिक व सामाजिक संशोधन संस्थेला अभ्यास सोपविला. डिसेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाने नोकरीत, सेवांमध्ये आणि शिक्षणात जातिभेदाचे पुरावे असल्याचे सांगितले. तथाकथित खालच्या जातींच्या लोकांची या देशातील संख्या पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक असू शकेल, असे अंदाज त्यात दिले होते. एवढा रुंद अंदाज पाहून कोणी हसेल. पण आपली मोजणी होत नाही आणि आपण स्वतःहून सांगत नाही, याचाच तो परिणाम आहे.

त्या काळी जातिभेदविरोधी संघटनांनी गोळा केलेल्या उदाहरणांपैकी एक माझ्या मनातून जात नाही. एक वृद्ध स्त्री घरी येणाऱ्या सेविकेच्या मदतीवर अवलंबून होती. घरातील गुरू रविदासांची प्रतिमा सेविकेच्या दृष्टीस पडली आणि तिने त्या वृद्धेला आंघोळ घालण्यास नकार दिला. मी चार दशके रोगी तपासतो आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला स्वच्छ न ठेवल्यास आठवड्याभरात त्वचेचे काय होते, ते मला सांगावे लागत नाही. जखमा चिघळतात, जंतुसंसर्ग रक्तात उतरतो. आणि असा रोगी तक्रार करीत नाही, कारण उद्या सकाळी दार उघडून येणारी व्यक्ती तीच असते. पाणवठ्यावरचा विटाळ वोल्व्हरहॅम्प्टनच्या किंवा साउथॉलच्या न्हाणीघरात येऊ शकतो, हे इंग्रज खासदारांना पटवून देणे सोपे नव्हते.

मे २०१० मध्ये सरकार बदलले. 'करू शकेल' या शब्दांवर नव्या सरकारने काहीच केले नाही. मग २०१३ मध्ये एका अगदी वेगळ्या, उद्योगधंद्यांविषयीच्या विधेयकाला लॉर्ड हॅरीज यांनी दुरुस्ती जोडली. हे ऑक्सफर्डचे माजी बिशप, कोणत्याही पक्षाशी न बांधलेले सभासद. ४ मार्च २०१३ रोजी उमराव सभेने ती २५६ विरुद्ध १५३ मतांनी मान्य केली. कॉमन्सने एप्रिलमध्ये ती फेटाळली. २२ एप्रिलला उमराव सभेने १८१ विरुद्ध १६८ मतांनी पुन्हा आग्रह धरला आणि दुसऱ्या दिवशी सरकारने माघार घेतली. कायद्यातील 'करू शकेल' हे शब्द गेले आणि त्या जागी 'केलेच पाहिजे' असे शब्द आले. तेरा मतांच्या फरकाने एक क्रियापद बदलले! कॉमन्समध्ये जेरेमी कॉर्बिन यांच्यासारखे खासदार हा प्रश्न अनेक वर्षे लावून धरीत होते. हुजूर पक्षातही काही उमराव आपल्या बाजूने उभे राहिले, हे विसरता कामा नये.

आणि सभागृहाबाहेर कोण उभे होते? बेडफर्ड, बर्मिंगहॅम, वोल्व्हरहॅम्प्टन, साउथॉल येथून आलेले आपले पंजाबी बांधव: रविदासी, वाल्मीकी, बौद्ध. ढलाईच्या कारखान्यांत आणि बसगाड्यांवर राबलेल्या माणसांची ही मुलेबाळे. आपण मराठी बौद्ध त्यांत थोडे होतो. संख्येने कमी हे खरेच. पण कारण तेवढेच नाही. आपल्यापैकी बहुतेक जण डॉक्टर, अभियंते, संगणकतज्ज्ञ म्हणून आले. आडनाव विचारून झाल्यावर 'गाव कोणते?' आणि गाव सांगितल्यावर 'गावात घर कोणत्या बाजूला?' हे प्रश्न येथेही विचारले जातात, हे या सभागृहात मी कोणाला समजावून सांगावे असे नाही. परंतु त्यावर आपला उपाय काय असतो? विषय बदलणे. मुलांना 'कोणी विचारले तर भारतीय म्हणून सांगा' असे शिकविणे. या सावधपणाची कारणे मला पूर्ण समजतात. मात्र अशा सावध समाजाची बाजू मांडायला उभा राहिलेला खासदार साक्षीदार कोठून आणणार?

विरोधकांनी ही चूक केली नाही. जातीचा उल्लेख कायद्यात आल्यास हिंदू समाजावर डाग लागेल, असे मानणाऱ्या संघटनांनी आपापल्या खासदारांना पत्रे लिहिली, भेटी घेतल्या. हॅरो ईस्टचे बॉब ब्लॅकमन यांच्यासारख्या खासदारांनी त्यांची बाजू उघडपणे मांडली. त्यांच्या मताशी मी सहमत नाही. पण मतदारांनी दार ठोठावले आणि प्रतिनिधीने ते उघडले, यात मी त्यांना दोष कसा देऊ? २०१७ मध्ये सरकारने जनतेची मते मागविली, तेव्हा सोळा हजारांहून अधिक उत्तरे आली. जुलै २०१८ मध्ये सरकारने जाहीर केले की आदेश काढला जाणार नाही आणि ते बंधनकारक शब्दही पुढेमागे रद्द करण्यात येतील.

सरकारने आधार दिला तो एका निकालाचा. बिहारमधून आणलेल्या, आठवड्याचे सातही दिवस राबविल्या गेलेल्या एका आदिवासी मोलकरणीने दावा लावला होता. त्यात डिसेंबर २०१४ मध्ये अपील न्यायाधिकरणाने म्हटले की, जात हा शब्द नसला तरी 'वांशिक उगम' या संज्ञेत जातीची काही प्रकरणे बसू शकतील. पुढच्या वर्षी तिला थकलेल्या मजुरीपोटी एक लाख त्र्याऐंशी हजार पौंडांहून अधिक रक्कम मंजूर झाली. निकाल स्वागतार्हच होता. पण 'बसू शकतील' हे पुन्हा 'करू शकेल'चेच भावंड नव्हे काय? ज्याच्यावर अन्याय झाला त्याने आधी हे सिद्ध करायचे की आपले दुखणे कायद्याच्या यादीत मोडते. त्यानंतर दुखण्याची चौकशी. रोग्याला असे सांगणारा दवाखाना आपण चालू दिला असता का?

मायदेशाच्या लोकशाहीचा प्रश्न याहून नाजूक आहे. 'आमच्या घरातले बाहेर का सांगता?' हा आक्षेप आपल्यावर नेहमी घेतला जातो. त्याचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. त्या वर्षी १५ ऑगस्टला लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जयप्रकाशांच्या सुटकेची मोहीम चालविणाऱ्यांनी पानभर जाहिरात देऊन भारतातील लोकशाहीची ज्योत विझू देऊ नका, असे आवाहन केले. अमेरिकेत १९७६ मध्ये डोनाल्ड फ्रेझर यांच्या उपसमितीने भारतातील मानवी हक्कांवर सुनावणी घेतली. याउलट मायकेल फूट यांच्यासारखा भारताचा जुना स्नेही आणीबाणीची पाठराखण करीत राहिला. तेव्हा परदेशी मित्र नेहमी बरोबरच असतो, असेही नाही. आणीबाणी अखेर उठली ती मार्च १९७७ मध्ये भारतातील मतदाराने मतपेटीतून केलेल्या कामगिरीमुळे. त्या मतदारांत गावकुसाबाहेरचे कोट्यवधी होते. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावले होते की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत. ती विसंगती कोणतेही परदेशी सभागृह मिटवू शकत नाही.

पण 'घरातली गोष्ट' हा आक्षेप मात्र मला टिकणारा वाटत नाही. १९६५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत वंशभेदविरोधी करार तयार होत असताना त्याच्या पहिल्या कलमात 'वंशपरंपरा' या अर्थाचा शब्द घालण्याची सूचना खुद्द भारताच्या प्रतिनिधींनी केली होती. त्याच शब्दाच्या आधारे त्या कराराच्या समितीने २००२ मध्ये जातिभेद हा करारात मोडतो, असे स्पष्ट केले. आणि भारत सरकार म्हणत राहिले की मोडत नाही. १ फेब्रुवारी २००७ रोजी युरोपीय पार्लमेंटने भारतातील दलितांच्या हक्कांविषयी ठराव केला. असे ठराव कोणाचे पोट भरत नाहीत. परंतु खैरलांजीसारखी घटना दिल्लीच्या दप्तरात दबून राहू नये, एवढा प्रकाश त्यांनी पडतो. माझे मत असे आहे की, परदेशी खासदाराकडे आपण भारताला शिक्षा करण्याची मागणी करू नये. भारताने स्वतःच्या राज्यघटनेत जे लिहिले आहे तेच विचारण्याची मागणी करावी. तिचा मसुदा करणाऱ्याच्या अनुयायांनी एवढे विचारण्यात कसला देशद्रोह आहे?

लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर याचे चांगले उदाहरण आहे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तेथे राहत. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. तेथे स्मारक चालविण्यास कॅम्डनच्या स्थानिक कौन्सिलने परवानगी नाकारली. प्रकरण अपिलात गेले, सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये मंत्र्यांनी संग्रहालयास मान्यता दिली. घर घेण्याचा आग्रह येथील आंबेडकरी संघटनांनी धरला होता. सुनावणीतही आपली माणसे बोलली. वाहनतळ, गर्दी, शेजाऱ्यांची झोप असल्या रुक्ष मुद्द्यांवर बोलली. लोकशाहीतला बराचसा झगडा असाच रुक्ष असतो.

शेवटी मागच्या रांगेसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. भारत राष्ट्रकुलातील देश असल्याने, येथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला ब्रिटिश पारपत्र नसतानाही पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येते. आपल्यातल्या कित्येक सुशिक्षित कुटुंबांना हे दहा-दहा वर्षे माहीत नसते. २०२३ पासून मतदान केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते. भारतीय पारपत्र त्यासाठी चालते. ज्यांनी अजून भारतीय नागरिकत्व सोडलेले नाही, त्यांना २०१० च्या दुरुस्तीनुसार मायदेशातील मतदारयादीतही नाव घालता येते, मात्र मत देण्यासाठी तेथे प्रत्यक्ष हजर राहावे लागते. ओसीआय कार्डधारकास तो हक्क नाही. खासदाराला पत्र लिहिताना आपला पत्ता आणि पिनकोड अवश्य लिहावा, कारण येथील रिवाजाप्रमाणे खासदार आपल्याच मतदारसंघातील माणसाचे काम हाती घेतो. आणि छापील मजकुराच्या शंभर पत्रांपेक्षा स्वतःच्या शब्दांत लिहिलेले एक पत्र अधिक काळजीपूर्वक वाचले जाते.

दाराजवळच्या टेबलावर आपल्या चिटणीसताईंनी मतदार नोंदणीचे अर्ज ठेवले आहेत. भोजनाच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी प्रत्येकाने एक उचलावा. भरण्यास पाच मिनिटे लागतात. नॅशनल इन्शुरन्सचा क्रमांक मात्र हवा. ज्यांना तो पाठ नसेल त्यांनी अर्ज घरी न्यावा आणि पुढील रविवारच्या वंदनेला येताना भरून आणावा.

जय भीम! नमो बुद्धाय!